तीस लाखांची राख

लेखा विभागातल्या भाऊसाहेबांनी प्रस्तावाचं पहिलं पान वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे सर, तीस लाखांची राख करणार म्हणा की." शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मीही हसलो. त्यांची सही हवी होती.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागात सिव्हिल शिकवतो. 2016 पासून नियमित पदावर आहे. त्याआधीची सात वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर काढली. हे आधीच सांगून टाकतो, कारण निधी मिळवण्याच्या सगळ्या भानगडीत हा तपशील राखेपेक्षा जड निघाला.

राख म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरची. ऊस गाळला की त्याच्या वजनाच्या साधारण 25 ते 30 टक्के बगॅस उरतो. कारखाना तोच जाळून वाफ आणि वीज करतो, आणि मागे राखेचे ढीग पडतात. या राखेत सिलिका भरपूर असते. ती योग्य तापमानाला जळलेली असेल तर चुन्याशी पाण्यात संयोग पावून सिमेंटसारखी घट्ट बसते. दुसऱ्या बाजूला आपली काळी माती. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पावसात पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मंगळवेढ्याकडे एप्रिलात शेतातून चालून बघा, भेगेत अख्खं पाऊल जातं. ज्वारीला ही माती सोन्यासारखी. तिच्यावरून रस्ता न्यायचा म्हटलं की दोन पावसाळ्यांत डांबर लाटांसारखं होतं. एकीकडे फुकटची राख, दुसरीकडे वैताग देणारी माती. दोन्ही एकत्र आणायच्या, एवढीच कल्पना.

या कल्पनेला पैसे कोण देईल याचा शोध मी 2019 मध्ये सुरू केला, आणि अगदी उलट्या बाजूने. आधी योजना शोधल्या. आमच्याकडे तेव्हा अकरा महिन्यांच्या आदेशावर एक मॅडम होत्या. भूतंत्रज्ञानात पीएच.डी., प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा चोख. त्यांनी एक एक्सेल शीट केली : योजनेचं नाव, रक्कम, मुदत, वयाची अट, पदाची अट. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची रिसर्च प्रमोशन स्कीम त्यात होती, जुनी यंत्रसामग्री बदलण्यासाठीची मोडरॉब्स होती, इस्रोची रिस्पॉन्ड होती (मातीचा अंतराळाशी संबंध जोडायचा मी एक संध्याकाळ प्रामाणिक प्रयत्न केला), राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाची नोंद होती. आणि सगळ्यात वर होत्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या, म्हणजे सर्बच्या योजना.

शीट भरत आली तशी एकेक ओळ लाल होत गेली. स्टार्ट-अप रिसर्च ग्रँट : नियमित पदावर रुजू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. मला तीन झाली होती. टेअर, म्हणजे शिक्षकांनी आयआयटीसारख्या मोठ्या संस्थेत जाऊन संशोधन करण्याची योजना : वर्षाला 60,000 रुपये मानधन, 5 लाखांचं संशोधन अनुदान, त्यातलं निम्मं यजमान संस्थेला आणि निम्मं आपल्याला. योजना चांगली आहे. पण आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या माणसाने तिथे जाऊन राहायचं कधी, हा प्रश्न माझ्या विभागप्रमुखांनी मी विचारायच्या आतच मला विचारला. मॅडमच्या नावापुढची तर प्रत्येक ओळ एकाच रकान्यावर लाल झाली : 'नियमित पद'. एकदा त्या म्हणाल्या, "सर, हा रकाना माझ्यासाठी फ्रीजच करून टाकते."

उरली कोअर रिसर्च ग्रँट. ती देशभरातल्या सगळ्यांसाठी खुली असायची, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीवाले त्याच रांगेत उभे. मी दहा दिवसांत प्रस्ताव लिहिला. 58 लाखांचा. त्यात एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र मागितलं, कारण राखेतली सिलिका काचेसारखी अस्फटिकी आहे की स्फटिक झालेली, हे त्यावर कळतं आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं. अस्फटिकी असेल तर चुन्याशी रमते, स्फटिक झाली असेल तर नुसती वाळू. हे यंत्र आमच्याच विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या इमारतीत होतं. सायकलवर पाच मिनिटं. ते मी प्रस्तावात लिहिलं नाही. लिहिलं तर यंत्र मिळणार नाही, असा माझा हिशेब.

नकार आला. दोन ओळींचा अभिप्राय होता. एकीत म्हटलं होतं की बगॅसच्या राखेवर आधीच विपुल काम झालेलं आहे, यात नवं काय ते स्पष्ट होत नाही. दुसरीत, मागितलेली प्रमुख उपकरणं विद्यापीठात उपलब्ध दिसतात. दुसरी ओळ वाचून कान गरम झाले. आठवडाभर मी स्टाफरूममध्ये 'सगळं आयआयटीवाल्यांनाच जातं' हे जुनं गाणं म्हणत होतो. मग एका दुपारी चहाच्या वेळी मॅडमनी शांतपणे विचारलं, "पण सर, नवं काय होतं?"

उत्तर नव्हतं. राख मिसळली की माती कमी फुगते, हे दाखवणारे निबंध ढिगांनी आहेत. मी तेच आणखी एकदा, महाग यंत्रावर दाखवणार होतो.

त्या हंगामात आम्ही दोघं तीन कारखान्यांवर गेलो, नुसती पोती भरून आणायला. विद्यापीठाच्या छोट्या अनुदानातून थोडे पैसे मिळाले होते, त्यात टेम्पोचं भाडं, चुना आणि चाचण्यांचं शुल्क भागत होतं. पहिल्या कारखान्यात बॉयलरपाशी एक फायरमन होते, साठीला आलेले. मी म्हटलं, मामा, राख हवी आहे, सात-आठ पोती.

"कंची पायजे? काळी का पांढरी?"

मी म्हटलं, राख म्हणजे राख.

ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विद्यार्थ्यांकडे बघताना वापरतो. मग त्यांनी समजावून सांगितलं. आभाळ आलं, अवकाळी पडला, बगॅस भिजला की जाळ नीट बसत नाही. राख काळी येते, हाताला लागते. बगॅस वाळका असला, वारा बरोबर असला की पांढुरकी, पिठासारखी. बॉयलर पेटवताना एक, चांगला तापल्यावर दुसरी. खाली जाळीत पडते ती वेगळी, धुराड्याच्या पाण्यात धरली जाते ती वेगळी. "वीटभट्टीवालं बी काळी नेत न्हाईत. आन् तुमी इचारतच न्हाई."

परतीच्या वाटेवर टेम्पोत आम्ही दोघंही गप्प होतो. काळी राख म्हणजे न जळलेला कोळसा. तो पाणी शोषतो आणि चुन्याच्या काही कामाचा नसतो. हे पुस्तकात असतं, मी शिकवतोही. पण आम्ही, आणि ज्यांचे निबंध मी वाचले होते त्यातले बहुतेक, एका कारखान्यातून एकदा पोतं आणतो, त्याच्या चाचण्या करतो आणि खाली लिहितो 'बगॅस ॲश'. जणू ती सिमेंटसारखी ब्रँडने मिळते. उद्या एखाद्या रस्ता कंत्राटदाराने आमचा निबंध वाचून कारखान्यातून राख उचलली, तर त्याला काळी मिळाली की पांढरी हे त्याला कोण सांगणार?

तो प्रश्न खरा होता. हंगामभर दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या ठिकाणाहून राख उचलायची. बगॅसचा ओलावा आणि हवामान नोंदवायचं. प्रत्येक पोत्याची पूर्ण चाचणी करायची. आणि शेवटी साइटवर करता येईल अशी एखादी स्वस्त परीक्षा शोधायची. रंगाचा तक्ता, तापवून वजनातली घट, असं काहीतरी, ज्यावरून राख घ्यायची की नाही हे ठरेल. यासाठी 58 लाख लागत नाहीत. मफल फर्नेस म्हणजे नमुने तापवायची विजेची भट्टी, राख दळायला एक बॉल मिल, मातीच्या चाचण्यांची काही उपकरणं आणि सतत कारखान्यांवर फिरणारा एक पोरगा किंवा पोरगी. एक्स-रेसाठी भौतिकशास्त्र अधिविभागाला नमुन्यामागे शुल्क द्यायचं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि हंगामाचं शेपूट हातून गेलं. पुढची दोन वर्षं आमच्याकडे पोती होती, नोंदी होत्या, पैसे नव्हते. एकाच कारखान्याच्या दोन पोत्यांत न जळलेल्या कोळशाचं प्रमाण दुपटीने वेगळं येत होतं. तो आलेख मी भिंतीवर लावून ठेवला होता.

मग सर्बची शुअर योजना आली : राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या महाविद्यालयांसाठी, खासगी संस्थांसकट. तीन वर्षांसाठी 30 लाखांपर्यंत, वर संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे तिच्या व्यवस्थेचा खर्च, वेगळा. सर्बचा दुसरा प्रकल्प चालू नसावा. नियमित पद हवं. आयआयटीवाले या रांगेत नाहीत. मॅडमनी शीटमध्ये ती ओळ हिरवी केली आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. 2022 च्या फेरीत आम्ही, म्हणजे कागदोपत्री मी, अर्ज केला.

प्रस्ताव या वेळी दोन महिने लिहिला. 'प्रस्तावाचा उगम' असा एक भाग असतो. तिथे मी मागच्या वेळी सिलिकाच्या रसायनावर दोन परिच्छेद चढवले होते. या वेळी पहिलंच वाक्य होतं की एकाच बॉयलरची राख पंधरवड्यागणिक बदलते, आणि खाली तो भिंतीवरचा आलेख. फायरमनमामांचं नाव घालता येत नव्हतं, पण 'कारखान्यातील कर्मचाऱ्यांच्या निरीक्षणानुसार' हे शब्द मी ठेवले. इंग्रजीत ते फारच पुळचट दिसतात. असो.

अंदाजपत्रक हा खरा अभ्यास होता. ज्युनिअर रिसर्च फेलोला तेव्हा महिना 31,000, तिसऱ्या वर्षी सीनिअर झाल्यावर 35,000, वर आमच्या शहराच्या वर्गाप्रमाणे 18 टक्के घरभाडे. तीन वर्षांचे झाले पावणेचौदा लाख. म्हणजे जवळपास निम्मा निधी एका माणसाचा. उरलेल्या सव्वासोळा लाखांत उपकरणं, रसायनं, चाचणी शुल्क, प्रवास, किरकोळ. भूतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत चार वस्तू घेतल्या की दहा लाख कसे जातात ते कळत नाही. प्रत्येक उपकरणापुढे 'समर्थन' लिहायचं असतं. मी एक नियम केला : ज्या उपकरणाचं समर्थन दोन वाक्यांत जमत नाही, ते काढायचं. तीन वस्तू त्यातच गळाल्या. प्रवासखर्च मात्र कापला नाही. पंधरवड्याला तीन कारखाने, हे नकाशावर किलोमीटर मांडून दाखवलं.

कारखान्याचं संमतिपत्र हवं होतं. सक्तीचं नव्हतं, पण राख हंगामभर मिळणार याचा पुरावा दुसरा कोणता? दोन कारखान्यांनी आठवड्यात दिलं. तिसरा सहकारी. चीफ केमिस्ट म्हणाले, माझी काही हरकत नाही, एमडींना विचारा. एमडी म्हणाले, संचालक मंडळासमोर ठेवावं लागेल. मंडळाची सभा पुढच्या महिन्यात, अर्जाची मुदत त्याआधी आठ दिवस. शेवटी चेअरमन एका लग्नात भेटले. मी अक्षता हातात घेऊन उभा आणि तिथेच विषय काढला. त्यांनी विचारलं, "राख नेताय का पैसे मागताय?" राख, म्हटलं. "मग न्या की. पत्र उद्या." पत्र परवा आलं, पण आलं.

संस्थाप्रमुखाचं समर्थनपत्र कुलसचिवांच्या सहीने लागतं. त्यात संस्था हमी देते की जागा, वीज, पाणी आणि मूलभूत सुविधा देऊ, हिशेब ठेवू. टिपणी विभागातून निघाली, संशोधन कक्षात गेली, तिथून लेखा विभागात. तिथेच ते राखेचं वाक्य ऐकायला मिळालं. भाऊसाहेबांची शंका रास्त होती : यात विद्यापीठाने आपला किती हिस्सा घालायचा? रोख काही नाही, हे मी नियमावलीचं पान काढून दाखवलं. "मग आधी का नाही सांगितलं?" असं म्हणून त्यांनी सही केली आणि दुसऱ्या टेबलावर स्वतः फाइल नेऊन दिली. पुढे तीन वर्षं हाच माणूस माझ्या प्रकल्पाचा कणा होता. प्रस्ताव लिहायच्या आधीच त्यांच्याकडे चहाला गेलो असतो तर निम्मी धावपळ वाचली असती.

आता त्या रकान्याबद्दल. अर्जात सहसंशोधक घालता येतो का, हे मी आणि मॅडम दोघांनी नियमावली उलटीपालटी करून पाहिलं. कंत्राटी आदेशावर असलेल्या माणसाला जागा नव्हती. त्यामागचा हेतू मला कळतो. तीन वर्षांचा प्रकल्प आणि अकरा महिन्यांचा आदेश. अकरा महिन्यांनी माणूस गेला तर प्रकल्पाचं काय? पण मग राज्यातल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं पदं भरायची नाहीत, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांनी प्रयोगशाळा चालवायच्या, आणि संशोधनाच्या अर्जावर मात्र त्यांचं नाव चालायचं नाही, याला काय म्हणायचं? आलेख त्यांनी काढलेला, पद्धतीचा निम्मा भाग त्यांनी लिहिलेला. अर्जावर माझं एकट्याचं नाव. मी त्यांना म्हटलं, मला हे बरोबर वाटत नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला बरोबर वाटून माझा रकाना बदलत नाही. पोर्टल बंद व्हायच्या आत सबमिट करा." मी सबमिट केलं. शेवटची रात्र नव्हती, शेवटच्या आधीची होती. एवढं शहाणपण 2019 ने दिलं होतं.

मंजुरी पुढच्या वर्षी आली. 'एसयूआर/2022' ने सुरू होणारा फाइल क्रमांक पोर्टलवर इतक्या वेळा टाकला होता की तो अजून पाठ आहे. मागितले होते त्यातून थोडी काटछाट होऊन आकडा आला. बॉल मिल उडाली. ती पुढे आम्ही एका वीटभट्टीवाल्याच्या ओळखीने, एका टाइल्सच्या कारखान्यात पोतं नेऊन दळून आणायचो.

पैसे मंजूर होणं आणि पैसे खर्चता येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे तेव्हा कळलं. झिरो बॅलन्स खातं उघडा, पीएफएमएस या सरकारी निधीच्या हिशेबाच्या यंत्रणेवर नोंदणी करा, खरेदी सरकारच्या जेम पोर्टलवरून करा. न वापरलेली रक्कम 31 मार्चला खात्यात राहत नाही, आणि साखर हंगाम नेमका नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे ज्या दिवसांत मी कारखान्यावर असायला हवं त्याच दिवसांत निविदांच्या तुलनात्मक तक्त्यावर तिघांच्या सह्या गोळा करत फिरायचं. पहिल्या वर्षी मफल फर्नेस 27 मार्चला आली. दर एप्रिलात जीएफआर 12-ए या सरकारी नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, खर्चाचं विवरण, बँकेच्या व्याजाचा हिशेब. त्या व्याजाच्या एका छोट्या रकमेसाठी मी आणि भाऊसाहेब एकदा रात्री आठपर्यंत बसलो होतो. भडंग त्यांनी आणलं.

फेलोच्या जागेला मुलाखतीला सहा जण आले. तोवर दर वाढून 37,000 झाले होते, आमचं अंदाजपत्रक मात्र 31,000 चं. इतर खर्चात कपात करून तो फरक तिसऱ्या वर्षापर्यंत ओढत नेला. निवडलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात फायरमनमामांशी मैत्री केली. त्याच्या वहीत राखेच्या रंगापुढे मामांचे शब्द आहेत : 'काळी', 'करडी', 'पिठाळ'. आमच्या रंगतक्त्याची नावं आम्ही तीच ठेवली.

मध्येच, 2024 च्या फेब्रुवारीत, सर्बची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. आमच्या चालू प्रकल्पात लेटरहेड आणि पोर्टल यापलीकडे फारसा फरक पडला नाही. योजनांची नावं मात्र बदलली. नवीन शिक्षकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आली, तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत. जुन्या एक्सेलमधल्या निम्म्या ओळी आता निरुपयोगी आहेत.

मॅडम 2023 मध्येच दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात गेल्या. नियमित पद, पगार इथल्या कंत्राटापेक्षा फार जास्त नाही, पण आदेशावर शेवटची तारीख नाही. आमच्या निबंधावर त्यांचं नाव पहिलं आहे. तिथे कुणाचा रकाना आड आला नाही. परवा त्यांचा फोन आला. नव्या योजनेत वय 42 च्या आत हवं, त्यांना अजून वर्ष आहे. त्यांनी घाईघाईत विचारलं : अंदाजपत्रकाचा तुमचा शेवटचा फॉरमॅट पाठवता का? समर्थनपत्रात हमीची ओळ कशी घातली होती? आणि त्या चेअरमनचा नंबर आहे का?

मी सगळं पाठवतो म्हटलं. त्यांच्या इकडेही एक कारखाना आहे, दोन बॉयलर.

"आणि 2019 ची पोती आहेत का हो अजून, की टाकली?"

आहेत, म्हटलं. उंदरांनी एक फोडलंय, बाकीची कॉम्प्रेशन मशीनच्या मागे आहेत. तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट.

"मग शनिवारी टेम्पो पाठवते. काळी वेगळी बांधून ठेवा."